खालचा अंधार

"माणसाचं या जगात काम एकच. उजेड पाडणं. बाकीचं सगळं अंधारात आपोआप होत असतं."

हे वाक्य उजेडमास्तरांचं. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात दर वर्षी ते फ्लॅशचे आठ रविवार घेत, आणि पहिल्या रविवारी सुरुवात या वाक्याने होई. गेल्या वर्षी वाक्य संपवून त्यांनी प्रोजेक्टरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. वायर हलवली, प्रोजेक्टरला दोन चापट्या मारल्या, आतून काही आवाज येतो का म्हणून कानही लावला. शेवटी सदस्यांतल्या बालवाडीच्या बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण चालू केलं.

आणि मास्तर निवृत्त झाले होते ते वीज कंपनीतून. एकतीस वर्षं ते तक्रारीच्या खिडकीत बसले. माणूस येई, वीज गेल्याचं सांगे, मास्तर तोंड शक्य तितकं गंभीर करून म्हणत, "फॉल्ट वरून आहे." वरून म्हणजे नेमका कुठून, हे कोणी विचारलं नाही, आणि ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. पण खिडकीपुढे रांग असायची. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांच्या लक्षात आलं की आता आपल्याकडे कोणी साधी तक्रारसुद्धा घेऊन येत नाही. घरात तक्रारी होत्या, पण त्या त्यांच्याकडे नव्हत्या, त्यांच्याबद्दल होत्या.

मग मुलीने कॅमेरा दिला. मास्तरांनी पुस्तकं वाचली, एक जुना फ्लॅश मिळवला, आणि दोन वर्षांत मंडळातली चौदा माणसं त्यांना विचारू लागली: मास्तर, फ्लॅश किती ठेवू? मास्तर, भिंतीवर मारू की छतावर? हा प्रश्न आला की मास्तरांची पाठ सरळ होई. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते या प्रश्नाने झालं होतं.

हे सगळं आता एका फोटोपायी जायची वेळ आली होती.

मंडळ भरायचं ते गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी. भिंतीभर वाहतुकीच्या खुणा लावलेल्या. मंडळाच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या कमी बोलत, कारण समोरचा माणूस बोलू शकत नाही अशा परिस्थितीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. मंडळाचा नियम एकच होता. फोटोत काही घालायचं नाही, फोटोतून काही काढायचं नाही. उजेड-अंधार कमीजास्त केलेला चालेल. हा नियम व्हायला कारण घडलं होतं. एका सदस्याने तळ्यावरचा चंद्र दाखवला आणि पुढच्या महिन्यात देवळावरचा. दोन्ही चंद्रांवर ढगाचा तोच तुकडा निघाला. तेव्हापासून प्रदर्शनाच्या पहिल्या फोटोबद्दल कोणीही विचारलं, तर त्याची रॉ फाइल सगळ्यांसमोर पडद्यावर उघडायची, असं ठरलं. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं तसंच्या तसं चित्र. न धुतलेलं, न इस्त्री केलेलं. शिवाय फोटो किती वाजता, किती वेगाने, कसा काढला हे सगळं कॅमेरा त्यात स्वतःहून लिहून ठेवतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

रॉ फाइलचे मंडळातले जाणकार औषधवाले. दुकानात गोळ्यांची पट्टी कापावी तितक्या सफाईने ते लॅपटॉपवर सावल्या उचलत, म्हणजे काळ्या भागात दडलेलं उजळून वर काढत. यंदा आठ रविवार रॉ फाइलचे ठेवावेत असं त्यांनी सुचवलं होतं. शिकवणीसाठी वर्ग मिळत होता आठच रविवार. म्हणजे एक तर मास्तर, नाही तर औषधवाले. एका बैठकीत तर ते सहज, अगदी सहज म्हणाले की आता फ्लॅशचं एवढं काही राहिलं नाही, उजेड नंतरही करता येतो. मास्तर हसले. घरी येईपर्यंत हसतच होते. घरी आल्यावर बायकोने विचारलं की दात दुखतोय का.

दुसऱ्याच दिवशी मास्तर ट्रायपॉड घेऊन घड्याळजींच्या दुकानात गेले. घड्याळजी म्हणजे एका जिन्याखाली बसलेला सत्तरीचा माणूस. पांढरेशुभ्र केस, पांढऱ्या भुवया आणि एका डोळ्याला लावलेलं भिंग. मास्तरांनी कॅमेरा समोर ठेवला, फ्लॅश हातात धरून बाजूने घड्याळजींच्या चेहऱ्यावर रोखला, आणि उजेड गालावर नीट पडतो की नाही एवढंच बघत खटका दाबला. हा फक्त चाचणीचा फोटो होता. घड्याळजी दचकले, हातातलं काहीतरी पडलं, आणि मग गिऱ्हाईक आलं. त्यापुढचे फोटो पडले ते गिऱ्हाइकाला बघून हसणाऱ्या माणसाचे.

घरी येऊन मास्तरांनी चाचणीचा फोटो उघडला. चेहरा अप्रतिम होता. भिंगाआडचा डोळा, कपाळाच्या आठ्या, चेहऱ्यावर जगाचा विसर. आणि छातीपासून खाली, पट्टीने रेघ ओढून द्यावी तसा, सबंध काळा पट्टा.

हा पट्टा का येतो हे मास्तर दर वर्षी पहिल्याच रविवारी शिकवत. शटरला दोन पडदे. पहिला उघडतो, दुसरा त्याच्या मागून मिटतो. वेग दोनशेच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून सावकाश, असला तर मधे एक क्षण पूर्ण खिडकी उघडी असते, तेवढ्यात फ्लॅश चमकतो. वेग वाढवला की पहिला पडदा पुरता उघडेपर्यंत दुसरा अर्धा मिटून बसतो. उजेड येतो तेव्हा अर्धी खिडकी बंद. खिडकीचं उदाहरण मास्तर अनुभवातून देत. "दोनशेच्या वर जाल तर तोंडघशी पडाल," असं म्हणून ते वर्गभर नजर फिरवत. नवे कॅमेरे फ्लॅश लावला की आपणहून अडवतात. पण मास्तरांचा जुना फ्लॅश रेडिओच्या बिनतारी खटक्यावर चालायचा, कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसे. सकाळी त्यांनी उडणारी कबुतरं काढली होती. वेग पाचशेवर होता. तो तसाच राहिला.

त्यांनी फोटो पुसायला हवा होता. त्याऐवजी पट्ट्याची धार तेवढी मऊ केली, चेहरा अंधारातून वर येतोय असं वाटेल इतकी, आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. बालवाडीच्या बाईंनी लिहिलं, "अंधारातून उगवलेला काळ." कोणीतरी रडणारा चेहरा टाकला. खालचा अंधार तुम्ही कसा साधलात, असं तिघांनी विचारलं. मास्तरांची पाठ सरळ झाली. त्यांनी अंधाराच्या रचनेवर चार परिच्छेद लिहिले. घड्याळ दाखवलं नाही, कारण काळ दिसत नसतो, असंही त्यात होतं. हे वाक्य लिहिल्यावर ते उठून थोडा वेळ गॅलरीत उभे राहिले.

प्रदर्शनाचा पहिला फोटो म्हणून तोच निवडला गेला. वाचनालयाच्या दालनात, दारासमोर, चार फूट बाय तीन फूट. आणि बुधवारी ग्रुपवर औषधवाल्यांचा निरोप आला: मास्तरांच्या फोटोबद्दल शंका अजिबात नाही, फक्त कुतूहल. खालचा अंधार मुळातला की नंतर ओतलेला? रविवारी रॉ फाइल बघायला आवडेल. खाली जोडलेले हात, दोनदा.

मास्तरांना त्या रात्री झोप आली नाही. रॉ फाइल दाखवली तर ते निर्दोष सुटत होते. अंधार मुळातलाच होता, धार मऊ करायला नियमाची आडकाठी नव्हती. पण शेजारी आकडा दिसणार होता. पाचशे. ज्या माणसाने चौदा जणांना आठ रविवार बजावलं, तो स्वतः पहिल्या धड्यात नापास. आणि दाखवली नाही तर चंद्र चिकटवणाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत फ्लॅश मारायला औषधवाले काठावर उभे.

गुरुवारी सकाळी त्यांनी ग्रुपवर "कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं" एवढं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. बायको पलीकडे भाजी निवडत होती. तिला सगळी हकीकत बुधवारीच कळली होती. मास्तर झोपेत नसले तरी बडबडत होते.

"अहो, चूक झाली म्हणा की," ती म्हणाली. "दोनच तर शब्द आहेत."

मास्तर म्हणाले की प्रश्न शब्दांच्या संख्येचा नाही. बायको म्हणाली, तेच तर. तुम्हाला चार परिच्छेद जमतात, दोन शब्द जमत नाहीत. मग तिने निवडलेली भाजी आत नेली आणि देठं त्यांच्यासमोर ठेवून गेली.

शुक्रवारी मास्तरांनी एक हुकमी मार्ग काढला. त्याला फसवणूक म्हणता आलं असतं, पण ते स्वतः त्याला "पुनःप्रयोग" म्हणत होते. कॅमेऱ्याची तारीख मागे न्यायची, वेग दोनशे ठेवायचा, घड्याळजींच्या पुढे छातीपर्यंत काळं कापड धरायचं, आणि तोच फोटो नव्याने काढायचा. बायकोचा काळा परकर पिशवीत घालून ते निघाले. वाटभर कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून खाली मान घालून चालले, आणि त्यामुळे दोन ओळखीच्या माणसांना धडकले.

जिन्याखाली घड्याळजी कामात होते. मास्तरांनी हाक मारली. घड्याळजींनी मान वर केली, आणि मास्तरांच्या हातातला ट्रायपॉड हळूच जमिनीला टेकला.

घड्याळजींचे केस काळेभोर होते. भुवया काळ्या होत्या. कानातल्या दोन पांढऱ्या केसांनाही सोडलं नव्हतं.

"प्रदर्शन आहे ना," ते लाजून म्हणाले. "लोक फोटो बघतील, मग मला बघतील. म्हटलं, जरा बरं दिसावं."

मास्तर म्हणाले, छान दिसतंय. घड्याळजींनी रविवारी बैठकीला यायचं आमंत्रण मिळाल्याचं सांगितलं, सदरा इस्त्रीला दिल्याचं सांगितलं, आणि पिशवीत काय आहे असंही विचारलं. मास्तरांनी पिशवी पाठीमागे धरली आणि कबुतरांचे फोटो काढायला चाललोय म्हणून सांगितलं. जिभेवर तेच आलं.

रविवारी वर्ग भरला होता. प्रोजेक्टर आधीच चालू होता. भिंतीवरचं बटण औषधवाल्यांनी स्वतः पाहिलं होतं. मास्तर "प्रवेश बंद"च्या खुणेखाली बसले. शेजारी घड्याळजी, इस्त्रीच्या सदऱ्यात. समोर बालवाडीच्या बाई वही उघडून, पेनाचं टोपण काढून तयार. त्या मास्तरांचं प्रत्येक वाक्य लिहून घेत, आणि आज तर त्यांना निकड होती: पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न, आणि फोटो काढायची जबाबदारी बाईंवर. भाचीने पैसे वाचवायला म्हणून नव्हे, मावशीवरच्या विश्वासाने ती दिली होती, असं त्या सगळ्यांना सांगत.

औषधवाल्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून कार्ड काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. बोटं थंड होती. कोणाची ते कळलं नाही.

"उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ज्या आवाजात त्या तीस वर्षं लोकांना तोंड उघडायला सांगत होत्या त्याच आवाजात.

पडद्यावर आधी फोल्डर आलं. कबुतर, कबुतर, कबुतर. सदतीस कबुतरं. मग घड्याळजी. औषधवाल्यांनी दोनदा टिचकी मारली आणि फोटो पडदाभर झाला.

काळी रेघ छातीवरून आडवी गेली होती. मऊ नाही, सरळ, सुरीने कापल्यासारखी. वर चेहरा, खाली डांबर. उजव्या बाजूला, बारीक पांढऱ्या अक्षरांत, सगळा जबाब लिहिलेला होता.

पंखा तेवढा फिरत होता. चौदा माणसांच्या नजरा चेहऱ्यावरून रेघेवर, रेघेवरून आकड्यावर आणि आकड्यावरून मास्तरांवर आल्या. मास्तरांना ती हालचाल ऐकू आली.

"मास्तर," औषधवाले हळू आवाजात म्हणाले, "पाचशे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांच्या सवयीने एकच वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, की फॉल्ट वरून आहे. ते त्यांनी गिळलं. त्या गिळण्यात जो क्षण गेला तेवढ्यात बालवाडीच्या बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी मुद्दाम पाचशे ठेवलं. पडद्यानेच अंधार पाडला. कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात. हो ना, मास्तर?"

वर्गात एक कुजबुज उठली आणि आदराने खाली बसली. सगळ्यांना ते एकदम पटलं. अर्थात मुद्दाम. औषधवाल्यांचासुद्धा माउसवरचा हात थांबला. मास्तरांनी काही म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान डोलवली असती तरी आठ रविवार त्यांचे, पुढची आठ वर्षं त्यांची, आणि चार परिच्छेद अक्षरशः खरे झाले असते. नियम त्यांच्या बाजूने होता, पडदा त्यांच्या बाजूने होता, आकडासुद्धा आता त्यांच्याच बाजूला येऊन उभा राहिला होता. मास्तरांची मान किंचित खाली गेली. डोलवण्यातलं ते पहिलं अर्धं होतं.

खाली गेलेल्या नजरेला बाईंची वही दिसली. बाईंनी मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: लग्नात वापरणे. पाचशे. आणि खाली दोन रेघा मारत होत्या.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे भाची आली, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हार घालताना भाची, छातीपासून खाली डांबर. मामा, आत्या, आजोबा, सगळं वऱ्हाड कमरेपर्यंत. नवरामुलगा खुर्चीवर बसला असला तर बहुधा नाहीच.

"बाई, ते खोडा," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही. "मुद्दाम नाही. सकाळी कबुतरं काढली होती. वेग बदलायला विसरलो. चूक झाली."

बाई कौतुकाने हसल्या आणि मोठी माणसं अशीच बोलतात म्हणाल्या. मागून कोणीतरी "नम्रता" असं पुटपुटलं. मास्तर उभे राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याला सांगावं तसं: अंधार रचला नव्हता. परिच्छेद नंतर लिहिले. मला येत नव्हतं असं नाही. येत होतं, आणि तरी चुकलं. लग्नात पाचशे ठेवलं तर भाचीला पाय उरणार नाहीत.

हे मात्र पोचलं. बाईंनी वहीतली ओळ खोडली. एकदा, मग आणखी एकदा, कागद फाटेपर्यंत. वर्गातला आदर जागच्या जागी विरघळू लागला. मास्तरांना तो विरघळताना दिसत होता.

औषधवाले मोठ्या मनाने म्हणाले की नियमाप्रमाणे एवढं बघून घेऊ, खाली काही काढलेलं तर नाही ना. आणि त्यांनी सावल्या उचलायला सुरुवात केली. माउस सरकत गेला तसं डांबर आधी जांभळं झालं, मग करडं, मग त्यात दाणे दाणे हलू लागले. घड्याळजी खुर्चीत चुळबुळले आणि मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "खालचंपण दिसतं का हो यांच्यात?" मास्तरांना काही कळेना. त्यांनी तर फक्त चेहरा पाहिला होता.

करड्या दाण्यांतून आधी मखमलीचा तुकडा आला, ज्यावर गिऱ्हाइकांची घड्याळं ठेवतात तो. मग चिमटा धरलेला हात. आणि मग, मखमलीवर, घड्याळाच्या जागी, घड्याळजींचा उघडा पाय. टाच वर केलेली. जगाचा विसर पडलेला तो डोळा भिंगातून टाचेकडे बघत होता.

डॉक्टरीणबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी निदान केलं.

"लाकडाची कूस आहे," त्या म्हणाल्या. "टाचेत."

घड्याळजी उभे राहिले आणि झाल्या प्रकाराची त्यांनी मखमलीच्या वतीने माफी मागितली. मखमल आपण नंतर झटकली होती, असंही सांगितलं. नियमाप्रमाणे फोटोत काही घातलेलं नव्हतं आणि काही काढलेलं नव्हतं, फोटो राहिला. आठ रविवार औषधवाल्यांना गेले. हात वर करायला सांगितलं तेव्हा मास्तरांनीही हात वर केला, उगाच सोळा आणे एकमत व्हावं म्हणून.

बैठक संपली. सगळी मंडळी औषधवाल्यांच्या लॅपटॉपभोवती जमली. किती उचललंत, दाणे कसे घालवायचे, माझ्या जुन्या फोटोंतही असं काही निघेल का. बालवाडीच्या बाईंनी वहीचं नवं पान उघडलं होतं. औषधवाल्यांची पाठ सरळ झाली होती. मास्तरांनी कार्ड परत घेतलं, खिशात घातलं, आणि आपल्याला कोणी काही विचारतंय का म्हणून उगाच बुटाची नाडी दोनदा बांधली. कोणी विचारलं नाही. खिडकी बंद झाली होती.

ते दारापर्यंत पोचले तोच कोणीतरी त्यांची बाही धरली. घड्याळजी होते. ते जवळच्या खुर्चीवर बसले, इकडेतिकडे पाहिलं, एक पाय बुटातून काढला आणि मोजा उतरवला.

त्या दिवशी तुमचा फ्लॅश चमकला आणि चिमटा हातातून निसटला, ते म्हणाले. कूस मोडली, टोक आतच राहिलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणतात आपण फक्त दात बघतो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, चिमटा काढला, आणि टाच गुडघ्यावर घेतली.

"मास्तर, जरा मोबाइलचा उजेड धरता का?" ते म्हणाले. "फ्लॅश नको."